गृध्रसी अर्थात सायटिका : कारणे, गैरसमज आणि सावधानता

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानाचा मजकूर)



संयम, तप, सेवा आणि व्यवसाय ही सर्व कार्ये शरीराच्या आधारेच घडतात. शरीर नश्वर आहे, ही शिकवण प्रत्येक श्रावकाला बालपणापासून मिळते. परंतु नश्वर म्हणजे उपेक्षणीय, असा अर्थ शास्त्राने कोठेही सांगितलेला नाही. भाड्याच्या दुकानाची डागडुजी करणारा व्यापारी आयुष्यभराच्या या एकमेव पेढीची डागडुजी मात्र टाळतो, ही विसंगतीच म्हणावी लागेल.

पूर्वी व्याख्यानाच्या सभागृहात भिंतीकडेला दोन-चार खुर्च्या असत व त्या अतिवृद्धांसाठी राखून ठेवलेल्या असत. अलीकडे खुर्च्यांच्या रांगा लागतात आणि त्यांवर पन्नाशीतील, क्वचित चाळिशीतील मंडळीही दिसतात. विचारणा केल्यास उत्तर ठरलेले असते, "सायटिका आहे." हा शब्द घरोघरी पोहोचला आहे, त्याचा नेमका अर्थ मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचला आहे. तो अर्थ समजून घेणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे. वैद्यकीय सल्ल्याची जागा घेण्याचा हेतू नाही.

नाव आणि पूर्वपीठिका

आयुर्वेदात या विकारास गृध्रसी असे नाव आहे. गृध्र म्हणजे गिधाड. या व्याधीने पीडित मनुष्य एका पायावर भार टाकून, किंचित वाकून, गिधाडासारखा चालतो, यावरून हे नाव पडले असे सांगतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे ऐंशी विकार गणलेले आहेत, त्यांत गृध्रसीचा समावेश आहे. चिकित्सास्थानातील वातव्याधींच्या अध्यायात नितंबापासून सुरू होऊन मांडी, गुडघा, पोटरी व पावलापर्यंत उतरणाऱ्या वेदनेचे क्रमवार वर्णन आढळते. केवळ वाताने होणारी आणि वात-कफाने होणारी, असे तिचे दोन भेदही तेथे सांगितले आहेत. समाजातील गुजराती भाषक वडीलधारी मंडळी या दुखण्यास 'रांझण' म्हणतात, तेही हेच.

पाश्चात्त्य वैद्यकात इटलीतील नेपल्सचे वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी 1764 साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ही वेदना सांध्याची नसून नसेची आहे, हे वेगळे करून दाखविले. तरीही पुढील दीडशे-पावणेदोनशे वर्षे थंडी, ओल, आमवात अशा कारणांकडेच बोट दाखविले जात होते. 1934 मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोन शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधील गादी फाटून तिचा भाग नसेवर दाबला जातो, हे शस्त्रक्रियांच्या आधारे मांडले. सायटिकाविषयीच्या आजच्या ज्ञानाचा पाया तेथे घातला गेला.

नस, मणका आणि गादी

कंबरेच्या भागात पाच मणके असतात व त्यांच्या खाली त्रिकास्थी असते. पाठीच्या कण्यातून या भागात बाहेर पडणाऱ्या नसांची मुळे एकत्र येऊन एक जाड नस तयार होते. तीच सायटिक नस. शरीरातील ती सर्वांत जाड व सर्वांत लांब नस होय. आरंभी तिची रुंदी साधारण हाताच्या अंगठ्याएवढी असते. नितंबातून मांडीच्या मागील बाजूने ती गुडघ्यापर्यंत येते आणि तेथे शाखा होऊन पावलाच्या बोटांपर्यंत पोहोचते.

दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिला मराठीत सर्वजण गादी म्हणतात. तिच्या कडेला चिवट तंतूंची वलये आणि मध्यभागी मऊ, पाणीदार गर असतो. वय, भार आणि वारंवार वाकणे यांमुळे कडेची वलये झिजतात व एखाद्या क्षणी आतील गर बाहेर ढकलला जातो. 'गादी सरकली' असे म्हणण्याची रीत आहे. प्रत्यक्षात गादी जागची हलत नाही, तिचा काही भाग फुगतो वा फुटून बाहेर येतो. हा बाहेर आलेला गर नसेच्या मुळावर दाब आणतोच, शिवाय त्यातील रासायनिक द्रव्यांमुळे नसेला सूजही येते. म्हणूनच गादीचा फुगवटा लहान असूनही एखाद्यास असह्य वेदना होतात आणि मोठा असूनही दुसऱ्यास काहीच होत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. सायटिका हे मूळ रोगाचे नाव नसून लक्षणाचे नाव आहे. ताप आला म्हणजे तापाचे कारण शोधावे लागते, तसेच येथेही आहे.

लक्षणे मूळ स्थानाचा पत्ता देतात. कंबरेच्या पाचव्या नसमुळावर दाब असेल तर वेदना पायाच्या बाहेरील बाजूने पावलाच्या वरच्या भागात व अंगठ्याकडे जाते आणि अंगठा वर उचलण्याची शक्ती कमी होते. त्रिकास्थीच्या पहिल्या नसमुळावर दाब असेल तर पोटरी, टाच व करंगळीकडील बाजू दुखते आणि चवड्यावर उभे राहणे जड जाते. खोकताना, शिंकताना किंवा शौचाला जोर करताना वेदना वीज चमकल्यासारखी पायात उतरते, हेही गादीच्या विकाराचे ठळक चिन्ह आहे. रुग्णास उताणे झोपवून सरळ पाय वर उचलला असता साधारण 30 ते 70 अंशांच्या दरम्यान कळ पायात उतरली, तर डॉक्टरांचा संशय बळावतो. ही तपासणी लासेग या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखली जाते.

कारणांचा जमाखर्च

तिशी ते पन्नाशीच्या वयात गादीचा विकार हे प्रमुख कारण असते. साठीनंतर मणक्यांची झीज होऊन मज्जारज्जूची नलिका अरुंद होते. असा मनुष्य थोडे चालला की पाय भरून येतात व मुंग्या येतात. खाली बसला किंवा पुढे वाकला की आराम पडतो. एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरणे हे तिसरे कारण. नितंबातील एका खोल स्नायूने नस आवळली जाणे हे चौथे. पाठीमागच्या खिशात जाड पाकीट ठेवून तासन्तास बसणाऱ्यांना होणारा त्रास याच जातीचा. क्वचित क्षयाचा जंतू मणक्यात शिरलेला असतो किंवा गाठ वाढत असते, म्हणून कोणत्याही दीर्घकाळच्या दुखण्यास 'वात आहे' एवढे म्हणून सोडून देऊ नये.

स्थूलता, धूम्रपान, बैठे जीवन, वजन चुकीच्या पद्धतीने उचलणे आणि वाहनाचे सततचे हादरे यांमुळे धोका वाढतो.

रायगडच्या किनारपट्टीवर ही कारणे डोळ्यांसमोर दिसतात. वरसोली, कोर्लई, मुरूड, श्रीवर्धन येथील कोळी भगिनी ओल्या मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहतात. लावणीच्या दिवसांत आगरी व कुणबी स्त्रिया सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकलेल्या असतात. पेणचे गणेशमूर्तिकार महिनोन्महिने जमिनीवर मान व कंबर वाकवून बसतात. अलिबाग-रेवदंडा मार्गावरील मिनीडोरचालक आणि मुंबई-गोवा महामार्गावरील ट्रकचालक यांच्या कण्याला खड्ड्यांचा हिशोब रोज चुकता करावा लागतो. मुंबईला नित्य ये-जा करणाऱ्या नोकरदारांचाही त्यातून सुटका नाही.

आणि मग समाजाचा पारंपरिक व्यवसाय, कापडाची पेढी. बाहेरून पाहणाऱ्यास हे सुखाचे काम वाटते. प्रत्यक्षात गादीवर मांडी घालून बसायचे, कंबर गोल करून पुढे वाकायचे, बसल्या जागीच अंग पिळून मागच्या फळीवरील तागा ओढायचा, तो ग्राहकापुढे उलगडायचा आणि पुन्हा घडी घालायची. लग्नसराईत ही क्रिया दिवसातून शेकडो वेळा होते. माल आला की गासडी उतरवायची, माळ्यावर चढवायची. वाकणे, पिळणे आणि वजन उचलणे या तीन क्रिया एकाच वेळी घडल्या म्हणजे गादीच्या कडेच्या तंतूंवर सर्वांत जास्त ताण पडतो, असे तज्ज्ञ सांगतात. आणि दुकानात नेमके तेच घडते. वरची गादी सांभाळता सांभाळता आतली गादी झिजते.

उपाय फारसा खर्चाचा नाही. जड तागे कंबरेच्या उंचीच्या फळीवर आणि हलके वर-खाली ठेवावेत. ओझे उचलताना गुडघे वाकवावेत, वजन छातीशी घ्यावे आणि कंबर न पिळता पावले टाकून वळावे. अर्ध्या-पाऊण तासाने उठून उभे राहावे. गल्ल्यावर बसणाऱ्याने पाठीशी लोड घ्यावा. नोकर-गुमास्त्यांनाही हीच सवय लावावी. गासडी बहुधा तेच उचलतात आणि त्यांची कंबर मालकाच्या कंबरेइतकीच मोलाची आहे. येथे अहिंसेचा विचार व्यवहारात उतरतो.

सायटिका नसलेली 'सायटिका'

पायात मुंग्या आल्या, बधिरता आली की सायटिका, असे समीकरण रूढ झाले आहे. जैन समाजात ते विशेष घातक ठरू शकते.

पहिले कारण मधुमेह. मधुमेहात नसा दुर्बल होतात, परंतु तेव्हा त्रास बहुधा दोन्ही पावलांत, मोजे घातल्यासारखा असतो. सायटिकाची वेदना बहुधा एकाच पायात, कंबरेकडून खाली उतरणारी असते.

दुसरे कारण जीवनसत्त्व बी-12 ची उणीव. हे जीवनसत्त्व निसर्गात जंतू तयार करतात आणि मनुष्यास ते मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळते. शाकाहारी मनुष्याचा आधार दूध, दही, ताक व पनीर एवढाच. रोजची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे अगदी अल्प. पण दूधही कमी घेणाऱ्या, वृद्ध किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या व्यक्तीत ती भरून निघत नाही. मग पायांत मुंग्या, बधिरता, तोल जाणे, विस्मरण अशी लक्षणे दिसतात. वर्षानुवर्षे कंबरेला तेल चोळले जाते आणि दोष मात्र रक्तात असतो. एका साध्या रक्ततपासणीने ही उणीव कळते. औषधातील बी-12 जंतूंच्या किण्वनाने तयार होते, त्यासाठी मांसाहाराची आवश्यकता नाही. जिलेटिनची कॅप्सूल घेण्यास ज्यांचे मन तयार नसेल त्यांनी डॉक्टरांना तसे सांगून गोळी, इंजेक्शन किंवा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल मागावी. संकोचाने औषधच टाळणे योग्य नव्हे.

तिसरे, खुब्याच्या सांध्याची झीज. तिची वेदना बहुधा जांघेत असते. चौथे, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणे. चालल्यावर पोटरी दुखते व नुसते उभे राहिल्यानेही थांबते.

चप्पल निसटते तेव्हा

एका व्यापाऱ्याचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. नवरात्राच्या सुमारास त्याच्या उजव्या पायात कळ सुरू होते. दिवाळीची विक्री तोंडावर आहे. "हंगाम होऊ दे, मग पाहू," असे म्हणून तो वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलतो. धनत्रयोदशीपर्यंत वेदना कमी होते आणि घरातील मंडळींना हायसे वाटते. मात्र चालताना उजव्या पायातील चप्पल निसटते आणि ती निसटल्याचे त्याला कळत नाही. पायरी चढताना पाऊल अडखळते. वेदना कमी झाली ती आजार बरा झाला म्हणून नव्हे, नस दुर्बल होत चालली म्हणून. व्यापारात देणेकऱ्याने तगादा थांबविला म्हणजे कर्ज फिटले असे कोणी मानीत नाही. येथे मात्र शहाणी माणसेही तसे मानतात.

म्हणून पुढील खुणा प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. पाऊल किंवा अंगठा वर उचलता न येणे, पायातील शक्ती दिवसेंदिवस कमी होणे, वेदनेबरोबर ताप असणे किंवा वजन घटणे, रात्री झोपल्यावरही न थांबणारे दुखणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, यांपैकी काही आढळल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. आणि लघवी अडणे, लघवी वा शौचावरील ताबा जाणे, बैठकीच्या जागेची संवेदना हरपणे, हे घडल्यास सकाळची वाट पाहू नये. ही तातडीची अवस्था आहे. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. काही तासांच्या विलंबानेही कायमचे अपंगत्व येऊ शकते. स्त्रिया अशा तक्रारी लाजेपोटी लपवितात, म्हणून हे वाक्य घरी जाऊन माता-भगिनींना आवर्जून सांगावे.

उपचार : काय करावे, काय टाळावे

समाधानाची गोष्ट अशी की बहुसंख्य रुग्णांची वेदना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून ओसरते. बाहेर आलेला गरही अनेकदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. पूर्वी तीन-तीन आठवडे फळीवर निजविण्याची पद्धत होती. आता दीर्घ विश्रांती अपायकारक मानली जाते. तीव्र वेदनेत एक-दोन दिवस आराम, नंतर झेपेल तेवढे चालणे, असा सल्ला दिला जातो.

एम.आर.आय. विषयीही एक गैरसमज आहे. 1994 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंबरदुखी नसलेल्या 98 व्यक्तींचे एम.आर.आय. तपासले असता 52 टक्के व्यक्तींत एखाद्या तरी गादीला फुगवटा आढळला. म्हणजे अहवालातील प्रत्येक फुगवटा हा रोग नव्हे. अहवाल आणि रुग्णाची लक्षणे जुळली तरच त्यास अर्थ. अहवाल वाचूनच अंथरूण धरणे ही नवी व्याधी होय.

शस्त्रक्रियेची भीती आणि शस्त्रक्रियेची घाई, दोन्ही अनुचित आहेत. नेदरलँड्समध्ये 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या 283 रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया केली, दुसऱ्यास औषध-व्यायामावर ठेवून गरज पडल्यासच शस्त्रक्रिया केली. पहिल्या गटाची वेदना लवकर थांबली, परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे 95 टक्के रुग्ण बरे झाले होते. दुसऱ्या गटातील 39 टक्के रुग्णांना मात्र अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. तात्पर्य, नसेची शक्ती शाबूत असेल तर विचार करण्यास वेळ असतो. शक्ती जात असेल तर नसतो.

व्यायामाचा मार्ग जवळच उपलब्ध आहे. घाट चढून गेल्यावर लोणावळ्यास 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेले कैवल्यधाम आहे. योगाची शास्त्रीय कसोटीवर परीक्षा करण्याचे कार्य तेथे झाले. मात्र पुस्तकात पाहून आसने करू नयेत. गादीच्या विकारात पुढे वाकण्याची आसने वेदना वाढवू शकतात, तर नलिका अरुंद झालेल्या वृद्धास मागे वाकणे सोसत नाही. एकाचे औषध दुसऱ्याचे अपथ्य ठरते, म्हणून जाणकाराकडूनच शिकावे.

पाय ओढून 'नस बसविणे', कंबरेवर पाय देऊन तुडविणे, तापलेल्या लोखंडाचे डाग देणे, असे प्रकार खेड्यापाड्यांत अजून ऐकू येतात. मूळ कारण न जाणता केलेली ओढाताण नसेला कायमची इजा करू शकते. मधुमेही व्यक्तीच्या बधिर पायास गरम पिशवीनेही भाजते व जखम चिघळते, याचे भान ठेवावे.

धर्मक्रिया आणि दुखणे

श्रोत्यांच्या मनातील खरा प्रश्न बहुधा येथे आहे. सामायिक 48 मिनिटांचे. कटासणावर तेवढा वेळ मांडी घालून बसणे वेदनेत अशक्य होते. प्रतिक्रमणात वारंवार खमासमणे द्यावी लागतात. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढण्याची इच्छा मनात असते. खुर्चीवर बसले तर क्रिया अपुरी राहिली असे वाटते. कोणी काही म्हणेल याचीही धास्ती असते. या संकोचापोटी अनेकजण वेदना सोसत खाली बसतात, आणि काही तर उपाश्रयात येणेच सोडून देतात. दुसरा प्रकार अधिक दुःखद आहे.

शास्त्रकारांनी शरीराची मर्यादा पूर्ण जाणली होती. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत आणि त्यांत समाधी टिकविण्यासाठीचा, तीव्र व्याधीत औषध घेण्याची मोकळीक देणारा आगारही आहे. कायोत्सर्ग ही देहाचा ममत्वभाव सोडण्याची क्रिया, पण तेथेही श्वास, खोकला, शिंक, चक्कर यांचे आगार आधीच सांगितले आहेत. ज्यांनी शिंकेचाही विचार केला, त्यांनी व्याधीचा विचार केला नसेल काय? म्हणून गुरुमहाराजांकडून मार्गदर्शन घेऊन यथाशक्ति क्रिया करावी. खुर्चीवर बसून, उपयोगपूर्वक केलेले सामायिक हे वेदनेने लक्ष विचलित होऊन केलेल्या सामायिकापेक्षा निश्चितच अधिक स्थिर असते.

तपस्व्यांसाठी एक विशेष सूचना. उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेतल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. चोविहार उपवासात शरीरातील पाणी कमी झालेले असताना ती गोळी मूत्रपिंडासही बाधक ठरते. पारणे होताच वा उपवासाच्या पूर्वसंध्येला मनानेच गोळ्या घेऊन तप पुढे रेटणे धोक्याचे आहे. औषध चालू असता तपाचा निश्चय डॉक्टर आणि गुरुमहाराज या दोघांना विचारूनच करावा.

समारोप

वेदना हे असातावेदनीय कर्माचे फळ आहे, हे श्रावक मानतो. कर्म समभावाने भोगावे, हेही तो जाणतो. परंतु समभाव म्हणजे निष्काळजीपणा नव्हे आणि पुरुषार्थास जैन दर्शनात मोठे स्थान आहे. दिवाळीला वहीपूजन करताना प्रत्येक पेढीवर वर्षाचा जमाखर्च पाहिला जातो. त्याच दिवशी घरातील प्रत्येकाने शरीराचाही जमाखर्च पाहावा. चालणे किती झाले, बसणे किती झाले, वजन किती वाढले, साखर व बी-12 कधी तपासले आणि दुखण्याची उधारी किती काळ थकली आहे, हे लिहून काढावे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या वडीलधाऱ्यांनी या संस्थेची वीट रचली, त्यांतील कित्येकांनी स्वतःच्या खांद्यावर सामान वाहिले. त्यांच्यापैकी जे आज हयात आहेत त्यांच्यासाठी सभागृहात पाठीला आधार असलेली खुर्ची, पायरीला कठडा आणि तिच्यावर बसणाऱ्याकडे आदराने पाहणारी दृष्टी, एवढे जरी या सुवर्णमहोत्सवी वर्षात झाले, तरी ती त्यांच्या ऋणाची अंशतः फेड ठरेल.

या विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध किंवा वैद्यकशास्त्राविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविध मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.